बारा बाजांची दोरी

गावाचं नाव मी सांगणार नाही. दवनीवाड्याच्या पुढे, वैनगंगेच्या काठी, एवढं पुरे. एकदा सगळं नकाशासकट सांगून बसले आहे, आणि त्याचं काय झालं तेच आता लिहिते आहे. हे वाचून कुणाला शोधत जावंसं वाटलं तर त्याने कृपा करून जाऊ नये.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. आम्ही अकरा जण आणि प्राणिशास्त्राचे सर गोंदियाहून सायकली घेऊन निघालो. सरांचं म्हणणं, गाडीतून नदी दिसत नाही, नुसता पूल दिसतो. सायकलने गावापर्यंत जायचं, शाळेच्या खोल्यांत मुक्काम टाकायचा आणि पुढचे तीन दिवस नदीच्या काठाकाठाने पायी फिरायचं. पाण्यात काय जगतं, काठावर काय जगतं, कोण कुणाला खातं, सगळं वहीत उतरवायचं. डिसेंबर होता. धान कापून झाले होते, धानाच्या बांध्यांमध्ये लाखोरीचं पीक हिरवं झालं होतं आणि बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं डोक्यावर घिरट्या घालत होती. माझी सायकल चुलतभावाची. तिची चेन जरा कुठे वेग आला की पडायची आणि मी तिला शिव्या घालायचे. माझी मैत्रीण हसून हसून बेजार. ती गोंदिया शहरातली, घरी हिंदी बोलणारी. "यार, तू सायकल को डाँट रही है क्या?" म्हणायची.

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवते. दुसरं असं, की मी तलावाच्या गावची. सडक अर्जुनीकडे आमचं गाव. तिथले तलाव आमच्याच लोकांनी, कोहळी समाजाने, बांधलेले. माझे आजोबा त्यातल्या एका तलावाचे पाणकर होते, म्हणजे कुणाच्या बांधीला किती पाणी सोडायचं ते ठरवणारा माणूस. तलावात खुणा केलेला एक बांबू रोवलेला असायचा. आजोबा सकाळी उठून आधी तो बांबू बघायचे, मग तोंड धुवायचे. पाणी किती आहे हे ज्याला सांगता येत नाही तो आमच्या घरी बावळट. मोजलं नाही तर वाटणार कसं, आणि नीट वाटलं नाही तर धान रोवण्याच्या दिवसांत डोकी फुटतात. मी हे ऐकतच मोठी झाले. पाणी मोजायला कुणी नाही म्हणू शकतं, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

नदी दाखवायला सरांनी गावातल्या एका म्हाताऱ्या ढिवराला गाठलं होतं. सत्तरीच्या पुढचे, वाळके, अनवाणी, डोक्याला मळका शेला. सगळा जन्म मासे धरण्यात गेलेला. आम्ही त्यांना बाबाजी म्हणायचो. ओल्या वाळूवरचे ठसे बघून ते सांगायचे, पाणमांजर कुठून आलं, एकटं होतं की पिल्लं सोबत होती. सर माशांची शास्त्रीय नावं सांगायचे तेव्हा बाबाजी गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "हे नाव मासोळीले मालूम हाये का जी?" मला त्यांनी पहिल्याच दिवशी 'तलाववाली' करून टाकलं, कारण मी येता-जाता नदीला नावं ठेवत होते. इथे पाणी वाया जातं, तिथे बांध घालायला हवा होता. "तलाववाली, नदी का तुही बांधी हाये?" ते म्हणायचे, आणि सगळे हसायचे. मीही हसायचे. मला बाबाजी फार आवडले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोहाकडे गेलो.

नदी तिथे खडकांमधून वळते. बाकी पात्र डिसेंबरात गुडघाभर, तळाचे गोटे मोजता येतील असं स्वच्छ. आणि त्या वळणावर पाणी एकदम काळं होतं. वारा होता, पण त्या पाण्यावर साधी सुरकुती नव्हती. बाबाजींनी हाताने खूण केली, चपला काढा. मग तोंडावर बोट ठेवलं. डोहाजवळून जाताना कुणी बोलत नाही, डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, जाणारा बांबूसुद्धा अलगद टाकतो. आम्ही अकरा बडबडे पोट्टे चपला हातात घेऊन खडकावरून चालत गेलो आणि खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. पलीकडे अर्जुनाच्या झाडाखाली बसल्यावर बाबाजी बोलायला लागले.

"उन्हाळ्यात सारी नदी वाळते. मासोळ्या साऱ्या इथं येऊन राहतेत. पानी आलं का इथूनच खालीवर सारीकडे जातेत. हे बियानं हाये, बियानं. बियानं कोनी खाते का?"

हे मला लगेच समजलं. घरात कितीही ओढाताण असली तरी बियाण्याच्या धानाला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे लहान लेकराला कळतं.

"किती खोल आहे, बाबाजी?" मी विचारलं.

"बारा बाजाच्या दोऱ्या पुरत नाहीत."

बाज म्हणजे खाट. बारा खाटांच्या दोऱ्या उसवून एकीला एक जोडल्या तरी तळ लागत नाही, असं. मी हसले. "मोजलं कोणी?"

बाबाजी हसले नाहीत. "मासोळी मोज, पाखरं मोज, गोटे मोज. इथं दोरी नोको टाकू. डोहात दोरी टाकत नाहीत."

"काऊन जी?"

"टाकत नाहीत."

सरांनी आम्हाला बाजूला घेऊन बजावलं, की हा त्यांचा नियम आहे आणि आपण तो पाळायचा. गावातल्या ढिवरांनी आम्हाला डोहापर्यंत येऊ दिलं होतं ते केवळ बाबाजींच्या शब्दावर. शहरातली पोरं दोरी टाकणार नाहीत, मी पाहतो, असं बाबाजी सगळ्यांसमोर बोलून बसले होते. आम्ही सगळ्यांनी हो म्हटलं. मीही म्हटलं.

पण 'टाकत नाहीत' हे काय उत्तर झालं? माझ्या डोक्यातून ते जाईना. माझ्याकडे नदीच्या खोलीची वही होती. जागोजागची रुंदी, खोली, सगळे रकाने भरलेले, आणि मधोमध डोहासमोर एक रकाना कोरा. आजोबांनी ती वही पाहिली असती तर म्हणाले असते, हे काय अर्धवट काम? तिसऱ्या दिवशी भर दुपारी सगळे वळणाच्या आड एका झाडाखाली जेवायला बसले. बाबाजी जाळं बघायला खाली गेले होते. त्यांचा डोंगा काठाला बांधलेला होता. मी मैत्रिणीला खुणावलं.

"यार, रहने दे. बाबाजी को बुरा लगेगा."

"त्यांना सांगतंय कोण?" मी म्हटलं.

डोंगा मला येतो. तलावात शिंगाडे तोडायला लहानपणापासून जायचे. मैत्रीण तोंड पाडून समोर बसली. आमच्याकडची नायलॉनची दोरी, दर फुटाला गाठ, दर पाच फुटांना लाल लोकर. शेवटाला दगड बांधला. डोहाच्या मधोमध जाऊन मी दोरी सोडायला लागले. पाच. दहा. पंधरा. दोरी हातातून जात होती आणि पाण्याचा साधा आवाज येत नव्हता. वळणापलीकडची आमच्या पोरांची बडबडही बंद पडल्यासारखी वाटली. वीसच्या पुढे दोरीला खालून काहीतरी घासून गेलं. मोठा मासा असावा. दोरी थरथरली आणि मैत्रिणीने डोंग्याची कड घट्ट धरली. मग दगड टेकला.

तो टेकला हे मला तळहातात कळलं. अगदी हलकं. खालून कुणी बोट लावावं तसं.

सत्तावीस फूट. "बस्स? एवढंच?" मी म्हटलं. आणि लगेच मला भीती वाटली. कशाची, ते तेव्हा सांगता आलं नसतं. झोपलेल्या माणसाचं पांघरूण उचलून बघावं आणि मग कळावं की तो जागाच होता, तसं काहीसं वाटलं. मी भराभर दोरी वर ओढली, रकाना भरला आणि संध्याकाळी शाळेत परतल्यावर दोरी सायकलच्या दांडीला गुंडाळून ठेवली.

निघण्याच्या दिवशी सकाळी सर शाळेच्या किल्ल्या परत करायला गेले होते आणि मारुतीच्या पारावर गावातले चार-पाच म्हातारे ढिवर बसले होते. त्यांनी सगळ्यांसमोर बाबाजींना विचारलं, "पोट्ट्यांनी दोरी टाकली का?" एका लोट्यात नदीचं पाणी होतं. उत्तर द्यायचं ते पाणी ओंजळीत घेऊन. बाबाजींनी आमच्या सायकलींकडे एकवार पाहिलं. मग पाणी हातात घेतलं आणि म्हणाले, "नाही टाकली."

मी सायकलची दांडी धरून उभी होते. दोरी माझ्या बोटांखाली होती. तोंड उघडायचं होतं, पण उघडलं नाही. मैत्रीण माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे पाहिलंच नाही. परतीच्या वाटेवर चेन चार वेळा पडली आणि मी एकदाही शिवी दिली नाही.

पुढच्या महिन्यात आमच्या कॉलेजात प्रदर्शन होतं. मी नदीचा मोठा तक्ता केला. वरून नकाशा: शाळा, रस्ता, अर्जुनाचं झाड, डोह. खाली नदीचा उभा छेद, निळ्या रंगाच्या सात छटांत. डोहाच्या तळाशी बाण काढून ठळक अक्षरांत लिहिलं: सर्वांत खोल जागा, सत्तावीस फूट. काय देखणा तक्ता झाला होता! सर बघतच राहिले. मग त्यांनी विचारलं, "हे केव्हा मोजलंस?"

"बाबाजींनी परवानगी दिली होती, सर."

किती सहज बोलून गेले मी! सरांना आनंदच झाला. भला माणूस. गावाने आपल्याला एवढं दाखवलं, आपणही गावाला काही दिलं पाहिजे, म्हणून त्यांनी तक्त्याची मोठी प्रत काढून गावाला पाठवली. ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. कुणीतरी तिचा फोटोही पाठवला होता. मी तो घरी सगळ्यांना दाखवला. आजोबांनी चष्मा लावून सत्तावीसचा आकडा वाचला आणि म्हणाले, "शाब्बास."

पावसाळा लागल्यावर सर नव्या तुकडीच्या मुलांना घेऊन तिथे गेले आणि त्याच दिवशी परत आले. मला बोलावून घेतलं. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

तक्ता सगळ्यांनी वाचला होता. म्हातारे बारा बाजा, बारा बाजा करत होते, सत्तावीस फूट तर निघालं! भीती गेली. वैशाखात नदी वाळली, सगळे मासे डोहात गोळा झाले, तेव्हा काही बाहेरचे आणि काही गावातलेच एकत्र आले. त्यांनी तीस फूट उंचीचं जाळं शिवून घेतलं, खालच्या कडेला वजनं लावली, म्हणजे तळापासून वरपर्यंत कुठे फट राहणार नाही. दोन दिवस त्यांनी डोह या टोकापासून त्या टोकापर्यंत खरवडला. ट्रॉलीत भरलेल्या माशांची पोटं अंड्यांनी फुगलेली होती. मग पाऊस आला, पाणी आलं, नदी दुथडी भरून वाहिली आणि तिच्यात काहीच नव्हतं. सर दोन कोस वाळू बघत चालले, त्यांना पाणमांजराचा एक ठसा दिसला नाही.

"आणि बाबाजी?" मी विचारलं.

नदीचं पाणी हातात घेऊन खोटं बोलला म्हणून बाबाजींना त्यांच्या लोकांनी डोहाच्या पूजेतून काढलं होतं. दरवर्षी पहिला दिवा तेच सोडायचे. आता त्यांच्या डोंग्यात कुणी बसत नाही, असं सर म्हणाले. मग हळूच म्हणाले, "त्यांनी खरंच परवानगी दिली होती ना गं?" मी खाली बघत राहिले. सरांना कळलं. त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

तेव्हापासून ते टेकणं माझा पिच्छा सोडत नाही. विहिरीत बादली सोडली, कढईच्या तळाला झारा लागला, की तळहातात तेच, हलकं, खालून कुणी बोट लावल्यासारखं. पहिल्या वर्षी मला वाटायचं डोकं फिरेल. गावी गेले तर तलावातल्या बांबूकडे बघवत नव्हतं. आजोबा विचारायचे, "पोरी, आज पाणी किती?" आणि मी दुसरीकडे निघून जायचे. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, जाकर माफी माँग ले, और क्या. सोपं होतं म्हणायला. मला तीन वर्षं धीर झाला नाही.

मागच्या हिवाळ्यात गेले. एकटी, सायकलनेच. ती दोरी पिशवीत होती. बाबाजी अंगणात बांबूच्या काड्या सोलत बसले होते. आणखी वाळले होते. मी पाया पडले आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. डोंगा, दोरी, तक्ता, सरांशी बोललेलं खोटं. रडून रडून उचकी लागली. ते काड्या सोलत राहिले.

"मले मालूम होतं," ते म्हणाले.

"काय?"

"ओली दोरी सायकलच्या दांडीले गुंडाळून कोनी लपवते का, बावळट?"

"तरी तुम्ही पाणी हातात घेऊन नाही म्हणालात? कायले?"

त्यांनी सुरी खाली ठेवली. घराच्या दाराकडे एकदा पाहून घेतलं, आत बाबाजींची बायको चूल पेटवत होती. मग आवाज बारीक करून म्हणाले, "मीबी टाकलो होतो दोरी. तुह्याच एवढा होतो. बापाच्या बाजेची दोरी उसवून नेलो, काकाच्या बाजेची नेलो. बारा नाही लागल्या."

"मग?"

"मग काय? घरी आलो, बाजा पुन्हा विनल्या, चूप बसलो. बायकोलेबी नाही सांगतलो. कोनी विचारलं का सांगत आलो, बारा बाजाच्या पुरत नाहीत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर मी सोसला असता. "मले वाटलं, तलाववाली माह्यासारखीच निघशीन."

मग त्यांनी विचारलं, त्या दिवशी दगड कुठल्या जागी टेकला, मधोमध का खडकाच्या अंगाला. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्या कानाशी वाकून त्यांचा आकडा सांगितला. किती हात दोरी गेली होती ते. तो माझ्यापेक्षा बराच जास्त आहे. म्हणजे मधल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत डोह किती गाळाने भरला ते त्या दोन आकड्यांतून सरळ कळतं. अशा दोन मोजण्या नदीचा अभ्यास करणाऱ्याला जन्मभर शोधून मिळत नाहीत. सर ऐकतील तर नाचतील. त्यांचा फोन येतो अधूनमधून, काही नवीन मिळालं का म्हणून. मी म्हणते, नाही सर. तो आकडा मी कुठे लिहिलेला नाही आणि इथेही लिहिणार नाही.

दोरी मी त्यांना देऊ केली. त्यांनी घेतली नाही. "राहू दे तुह्यापाशी," म्हणाले. चहा दिला. पुन्हा ये म्हणाले नाहीत आणि येऊ नको असंही म्हणाले नाहीत.

परत निघताना सायकल शाळेपाशी लावून मी डोहाकडे गेले. खडकावर चपला काढून हातात घेतल्या. पाणी तसंच काळं, तसंच गप्प. चालत पलीकडे पोचले तर तिथे एक बाई खडकावर धुणं धूत होती. पायात चपला, तोंडाने गाणं, धोपटण्याचा धपधप आवाज. माझ्या हातातल्या चपलांकडे पाहून तिला हसू आलं.

"काटा रुतला का बाई?"

"नाही," मी म्हटलं. "इथे बोलू नये म्हणतात ना. बारा बाजांच्या दोऱ्या पुरत नाहीत इथे."

"कायच्या बारा?" ती म्हणाली. "सत्तावीस फूट हाये ना. कालेजच्या पोरीनं मोजून लिवलं हाये, पंचायतीत लागून हाये." आणि तिने पुढचं लुगडं पाण्यात बुचकळलं.